खिशात मावणारे पिस्तूल आणि नाशिक १९०९

१/ इ.स. १५४९ मध्ये अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे ५५ टनांची तोफ ओतली गेली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. त्यानंतर ३६० वर्षांनी शेजारच्या नाशकात ब्रिटिश सत्तेला हादरवले ते कोटाच्या खिशात मावणाऱ्या पिस्तुलाने. या धाग्यात त्या शस्त्राची निवड समजून घेऊ.

२/ १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले होते. म्हणून क्रांतिकारकांना शस्त्रे परदेशातून आणावी लागत. १९०९ च्या आरंभी सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. इंडिया हाउसचा आचारी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आणली.

३/ ब्राउनिंगच का? रिव्हॉल्व्हरमधील गोळ्यांचे जाड चक्र कपड्यांतून उठून दिसते. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९०० साली बाजारात आणलेले पिस्तूल चपटे होते. वजन सुमारे ६२५ ग्रॅम, नळीचा व्यास ७.६५ मिमी, मॅगझिनमध्ये ७ गोळ्या.

४/ काडतूस लहान, त्यामुळे हाताला बसणारा झटकाही सौम्य. त्या झटक्याचा काही भाग वरची स्लाइड मागे ढकलण्यात आणि स्प्रिंग दाबण्यात खर्ची पडे. स्प्रिंग उलटताच पुढची गोळी आपोआप नळीत येई. नवख्या हातालाही लागोपाठ बार काढता येत. मर्यादा एकच : गोळीचा जोर कमी, म्हणून अंतर अगदी थोडे हवे.

५/ हे गुण जगभर हेरले गेले होते. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकॉव्ह आणि २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन येथे जपानचे इतो हिरोबुमी याच १९०० च्या नमुन्याच्या पिस्तुलांना बळी पडले.

६/ दोनच महिन्यांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. तेथे अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सन यांना ब्राउनिंगने जवळून गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा रोष त्यामागे होता. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, हेही या घटनेच्या अभ्यासकाने विसरू नये.

७/ १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. अमीन माफीचा साक्षीदार झाला. पिस्तुले पाठवून हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपावरून जानेवारी १९११ मध्ये सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली. दोन्ही मिळून ५० वर्षे.

८/ सहज लपावे म्हणून निवडलेले शस्त्र न्यायालयात मात्र लपले नाही. लंडन आणि नाशिक यांना जोडणारा सर्वांत ठोस दुवा तेच ठरले. क्रांतीचा इतिहास वाचताना माणसांइतकाच वस्तूंचा प्रवासही तपासावा, तो यासाठी.