अर्जदार आणि हक्कदार

थळ घाटाच्या पायथ्याशी, खर्डी व कसारा या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या उंबरमाळीहून मुंबईस थेट लोकलगाडी जाते. तथापि विकलांग मुलांच्या शिक्षणाची जी परंपरा त्या महानगरीत रुजली, तिला शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत पोहोचण्यास फार विलंब लागला.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे जुने कायदे गैरहजर मुलाच्या पालकास जाब विचारीत, परंतु त्यांपैकी अनेकांत शारीरिक वा मानसिक व्यंग ही सबळ सबब गणली जाई. ही माफी दयेपोटी दिलेली खरी. पण तिच्यामुळे त्या मुलाचे नाव हजेरीपटावर नसणे सरकारमान्य झाले.

सरकारने सोडून दिलेले काम मग आईबापांनी अंगावर घेतले. १९४४ साली आपल्या जय या कन्येसाठी वकील कुटुंबाने मुंबईत काढलेली शाळा आज तिच्याच नावाने ओळखली जाते. १९७२ साली मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या कन्येच्या अनुभवातून स्पॅस्टिक्स सोसायटी उभारली. आणि १९९५ साली देशभरच्या पालकसंघटना 'परिवार' या महासंघात एकवटल्या. त्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्यात अपंग मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद झाली.

परंतु दिवाळी सरली की बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बापाने शाळा कशी काढावी? त्याच्या वाट्यास येते ते दाखल्याचे प्रकरण: आधारकार्ड, रेशनकार्ड व फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मूल कडेवर घेऊन सरकारी रुग्णालय गाठायचे, आणि अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा शेरा मिळेपर्यंत मजुरी बुडवायची.

अशा पालकास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील एक कलम विशेष मोलाचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि वंचित घटकांच्या पालकांस प्रमाणशीर जागा मिळाव्यात, असे ते सांगते; २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालकांचा समावेश याच घटकात झाला. तीव्र विकलांग मुलांस घरीच शिकण्याचा पर्यायही तेव्हाच मिळाला, मात्र ती निवड मुलाची. शाळेला त्याचे नाव टाळण्याची मुभा नव्हे. २०१६ च्या कायद्याने तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क स्पष्टच मान्य केला.

तेव्हा या परिसरातील जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत अशा मुलाच्या आईने वा बापाने समितीतील आपली जागा मागून घ्यावी. आणि मुख्याध्यापकांनी त्यांच्या अर्जाची वाट न पाहता त्यांना बोलावून घ्यावे.