एकाच मतपत्रिकेवर दोन निकाल: न्यूयॉर्क, १९०६

आज एका अशा पदाची निवडणूक, जिच्याकडे सहसा कुणी बघतही नाही. न्यूयॉर्क राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर, साल १९०६.

आधी एक खुलासा. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो थेट निवडून येतो आणि सरकार चालवतो. लेफ्टनंट गव्हर्नर त्याच्या खालचा, राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष. गव्हर्नर मेला, पदावरून गेला, किंवा त्या काळी नुसता राज्याबाहेर गेला, तरी कारभार याच्याकडे. आणि दोघांसाठी मत वेगवेगळं!

१९०६ मध्ये डेमोक्रॅट्सचा गव्हर्नरपदाचा उमेदवार होता विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, भडक पेपरांचा मालक. समोर रिपब्लिकन चार्ल्स इव्हान्स ह्यूज. आदल्याच वर्षी विमा कंपन्यांचे घोटाळे बाहेर काढून गाजलेला वकील. प्रचाराच्या शेवटी परराष्ट्रमंत्री एलिहू रूट युटिकाला आले आणि अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या खुनाला हर्स्टच्या पेपरांची चिथावणी होती, असं भर सभेत म्हणाले. तेही रूझवेल्ट यांच्या संमतीने.

निकाल: ह्यूज ७,४९,००२, हर्स्ट ६,९१,१०५. हर्स्ट पडला. पण त्याच्या तिकिटावरचे बाकी सगळे निवडून आले! लेफ्टनंट गव्हर्नर झाला लुइस स्टायव्हसंट चॅनलर. अ‍ॅस्टर या गडगंज घराण्याचा वारस, पण गरिबांचे खटले फुकट लढवणारा वकील. त्याने रिपब्लिकन लिन ब्रूसला थोडक्यात हरवलं. (स्टेट इंजिनिअर हे पदसुद्धा तिकडे निवडणुकीने भरायचे. माझा जॉब असा असता तर मी बेकार असतो.)

मला यात खरी गंमत मतपत्रिकेची वाटते. प्रत्येक पक्षाचा एक उभा रकाना, वर एक वर्तुळ. वर्तुळात एक फुली मारली की सगळ्या पदांसाठी त्याच पक्षाला मत. म्हणजे ह्यूज आणि चॅनलर दोघं हवे असतील, तर ती सोपी फुली सोडून नावागणिक खुणा करत बसायचं. मी एक्सेल उघडून ढोबळ हिशोब केला. एक माणूस हर्स्टकडून ह्यूजकडे गेला की फरक दोनचा पडतो. म्हणजे अंदाजे २९-३० हजार लोकांनी हा कुटाणा केला असणार. शंभरातले दोन. लेफ्टनंट गव्हर्नरचा आकडा बघितला नाही, तर राज्य त्या वर्षी रिपब्लिकनांकडे झुकलं असंच वाटेल. ते झुकलं नव्हतं. लोकांना फक्त हर्स्ट नको होता.

आता कारभार कसा चालला? थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. इथे तर गव्हर्नर रिपब्लिकन, सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकन आणि अध्यक्षाच्या खुर्चीत डेमोक्रॅट. तरी ह्यूजला नडले ते त्याच्याच पक्षातले काही जण. एप्रिल १९०८ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवरचा जुगार बंद करणारं विधेयक सिनेटमध्ये २५-२५ वर अडकलं. तुम्ही म्हणाल, मग अध्यक्षाचं निर्णायक मत? ते इथे चालतच नव्हतं. विधेयकाला निवडून आलेल्या सदस्यांचं बहुमत लागायचं आणि लेफ्टनंट गव्हर्नर काही सदस्य नव्हे. विधेयक पडलं. ह्यूजने एका रिकाम्या जागेची पोटनिवडणूक लावली, खास अधिवेशन बोलावलं. जूनमध्ये ओटो फोएल्कर हा सिनेटर अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर अंथरुणातून उठून आला आणि २६-२५ ने ते पास झालं.

त्याच वर्षी चॅनलर आपल्याच गव्हर्नरविरुद्ध उभा राहिला आणि हरला. १९१० मध्ये ह्यूज सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा गव्हर्नर झाला त्याच्याच पक्षाचा होरेस व्हाइट. दोन वेगळ्या मतांची पद्धत मात्र चालूच राहिली. ती बंद झाली १९५३ च्या घटनादुरुस्तीने. तेव्हापासून न्यूयॉर्कमध्ये दोघांना मिळून एकच मत.