घोट्यातल्या कृत्रिम हाडाची कुळकथा

नडगीच्या खाली आणि टाचेच्या वर टॅलस नावाचं एक ओबडधोबड हाड असतं. अंगाचा सगळा भार त्याच्यावरून पावलात उतरतो, तरी एकही स्नायू त्याला चिकटलेला नसतो. निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेनं झाकलेला, म्हणून रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाटा मोजक्याच. हाडाची मान मोडली की त्या तुटू शकतात आणि मग हाड जागच्या जागी मरतं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. कोविडनंतर हा शब्द आपण खुब्याच्या बाबतीत ऐकला; घोट्यातला एव्हीएन अजून फारसा कुणाच्या बोलण्यात नाही.

फॅब्रिशियस हिल्डानस या जर्मन शल्यविशारदानं निखळलेला टॅलस काढून टाकल्याची नोंद १६०८ सालची आहे. पुढेही बराच काळ हाड काढून टाकणं हाच मोठा उपाय होता.

मग विमानं आली. पहिल्या महायुद्धातले वैमानिक सुकाणूचा दांडा दोन्ही पायांनी दाबून विमान वळवत. विमान आदळलं की तोच दांडा तळपायात घुसे, पाऊल वर दुमडे आणि टॅलसची मान नडगीच्या कडेवर आपटून मोडे. ब्रिटिश शल्यचिकित्सक ग्रॅम अँडरसन यांनी १९१९ मध्ये असे १८ रुग्ण नोंदवले आणि दुखापतीला वैमानिकांचंच नाव दिलं. या हाडाकडे शल्यचिकित्सकांचं नीट लक्ष गेलं ते या तरुण वैमानिकांमुळे.

१९४३ मध्ये ब्लेअर यांनी मेलेला भाग काढून नडगीचीच एक पट्टी खाली सरकवून टॅलसच्या उरलेल्या मानेत रोवली. पायाची उंची टिकली, वेदना कमी झाली. पण घोटा कायमचा आखडला. १९७० मध्ये हॉकिन्स यांनी एक खूण दाखवून दिली: मोडल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रेमध्ये टॅलसच्या माथ्याखाली काळसर रेघ दिसली तर रक्त पोचतं आहे, हाड जिवंत आहे. इतकी साधी आणि इतकी उपयोगी खूण अस्थिशास्त्रात क्वचितच सापडते.

घोटा हलता ठेवून हाड बदलण्याची हिंमत आशियानं केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बँकॉकमध्ये १९७४ पासून हार्नरूंगरोज यांनी टॅलसच्या मुख्य भागाच्या जागी स्टेनलेस स्टीलचा भाग बसवायला सुरुवात केली. जपानमधल्या नारा इथं तानाका आणि तानिगुची यांनी तो ॲल्युमिना सिरॅमिकचा केला, पुढे अख्खाच्या अख्खा. माप कुठून घ्यायचं? रुग्णाच्याच दुसऱ्या, धडधाकट पायाचं सीटी स्कॅन आरशातल्यासारखं उलटवून. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्रिमितीय छपाईनं घडवलेल्या धातूच्या टॅलसला मर्यादित वापराची परवानगी दिली.

तरीही आपला टॅलस वाचवणं केव्हाही चांगलं. त्याची मान मोडली असेल तर सहा-आठ आठवड्यांचा तो एक्स-रे चुकवू नका आणि डॉक्टर सांगेपर्यंत पायावर भार देऊ नका.