मागचा आस आणि ब्रेकची गोष्ट

जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले म्हणजे आपण त्यांचे दिवे पाहतो, भोंगा वाजवून पाहतो, चकाकणाऱ्या पितळेत आपला चेहराही पाहून घेतो. गाडीखाली वाकून मात्र कोणी पाहत नाही. आज आम्ही तेवढेच करण्याचे योजिले आहे. अशा गाड्यांचे काही मालक मागचा मूळ आस काढून त्या जागी आधुनिक ब्रेकांचा आस बसवितात, आणि इतिहासप्रेमी मंडळी हळहळतात. ही हळहळ कितपत रास्त, हे ठरविण्यापूर्वी त्या आसाचीच हकीकत ऐकली पाहिजे. उदाहरण फोर्डचे घेऊ. १९२६ साली या कंपनीची शाखा हिंदुस्थानात निघाली, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे नाव परके नव्हते.

फोर्डचे ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होते; दीड कोटींहून अधिक गाड्या झाल्या. तिला पायाखाली तीन पेडले, त्यांतले उजवीकडचे ब्रेकचे. पण ते दाबल्याने चाकाला प्रत्यक्ष काहीच होत नसे. पट्टा आवळला जाई तो इंजिनामागच्या गिअरपेटीतील ड्रमवर. तिथली अडवणूक लांब दांड्यातून मागच्या आसापर्यंत आणि तिथून क्राउन-पिनियनच्या दातांतून चाकांपर्यंत पोचायची. म्हणजे गाडी थांबणे सर्वस्वी त्या दातांच्या पकडीवर! आता मौज, मौज कसली, अनर्थच म्हणा, अशी की क्राउन जागेवर राहावा म्हणून आसात घातलेल्या चकत्या बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूच्या होत्या. वापराने त्यांचा चुरा झाला की क्राउन बाजूला सरके, दात सुटत, आणि चालकाचा पाय पेडलवर असूनही गाडीला ब्रेक नसे. राहता राहिला हातब्रेक. तो मागच्या दोन चाकांत, आणि त्याचे बळ गाडी उभी धरण्यापुरतेच. खंडाळ्याचा घाट उतरताना असे घडले तर काय होईल, हे सांगायला नको.

मूळ वस्तूत ढवळाढवळ ही आजचीच टूम आहे, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. त्याच काळी ‘रकस्टेल’ नावाचा दोन वेगांचा आस लोक आपल्या ‘टी’ला बसवीत. तो दोन वेगांच्या मध्ये अडकला तर चाकांचा इंजिनाशी संबंधच तुटे, आणि ब्रेकही जाई. मग मागच्या चाकांना बाहेरून आवळणारे ‘रॉकी माउंटन’ ब्रेक आले.

१९२७ च्या डिसेंबरात ‘मॉडेल ए’ आले. त्याच्या चारही चाकांना ब्रेक होते, पण ते लोखंडी सळ्यांनी ओढायचे. चारही सळ्यांचा ताण सारखा राखणे ही मोठी कटकट. एक ढिली पडली की गाडी एका अंगाला ओढते. तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक तोवर बाजारात आलेले होते. ड्युसेनबर्गने १९२१ मध्ये, क्रायस्लरने १९२४ मध्ये ते दिले, आणि १९२८ मध्ये स्वस्तातल्या प्लिमथलाही ते मिळाले. हेन्री फोर्ड मात्र १९३९ च्या गाड्यांपर्यंत हटून बसले. आम्ही त्यांना केवळ हट्टी म्हणणार नाही. एकाच नळीजाळ्याच्या ब्रेकात एके ठिकाणी गळती झाली की चारही चाके मोकळी सुटतात, ही भीती खरीच होती. तिच्यावर उपाय म्हणून दुहेरी जाळे अमेरिकेत सक्तीचे झाले ते थेट १९६८ साली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या फोर्ड स्वस्तात घेऊन त्यांना १९४० ते १९४८ च्या फोर्डचे तेलाचे ब्रेक बसविण्याचा सपाटा लावला. हे सोपे गेले, कारण फोर्डने १९४८ पर्यंत आडवा कमानपाटा आणि दांड्याभोवतीची जाड नळी ही रचना सोडली नव्हती.

हीच नळी आजच्या कारागिराला फसविते. ती केवळ झाकण नव्हे. चाके गाडीला पुढे रेटतात तो रेटा आणि ब्रेक लागताना आसाला बसणारा पीळ या नळीतूनच पुढे पोचतो. उघड्या दांड्याचा आधुनिक आस आणला की नळी जाते, आणि तिचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी वेगळे आडणे किंवा लांबीचे पाटे द्यावे लागतात, नाहीतर पहिल्याच जोराच्या ब्रेकला आस स्वतःभोवती पिळला जातो. ‘मॉडेल ए’च्या वेगदर्शकाचा दातेही त्या नळीपाशीच असल्याने तोही मुका होतो.

याहून मोठी चूक म्हणजे केवळ मागचाच आस बदलणे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. मागे जोरकस ब्रेक आणि पुढे जुनेच ढिले असतील तर मागची चाके आधी घट्ट होऊन घसरतात, आणि शेपूट पुढे येऊ पाहते. जुन्या गाडीला नवे ब्रेक द्यायचे तर आधी पुढच्या चाकांना, हा क्रम आम्हांला सोडता येत नाही. मागे दाब कमी ठेवणारी झडप लागते ती याचसाठी.

तेव्हा हळहळणाऱ्या मंडळींशी आमचे भांडण अर्धेच आहे. रस्त्यावर, माणसांमधून धावणाऱ्या गाडीचा आस बदलावा; संग्रहालयात उभ्या असलेल्या गाडीला हात लावू नये. आणि बदलताना चेसिस कापू नये, नवी भोके पाडू नयेत, बोल्टांनीच जोडावे. काढलेला आस, नळी आणि सळ्यांचा संच ग्रीस लावून, कोणत्या गाडीचा ते चिठ्ठीवर लिहून, त्याच गॅरेजच्या फळीवर ठेवावा.