एकसुरी गीताचे संगीत : 'सांबा दे उमा नोता सो' आणि मनाचे श्लोक

मराठीत 'एकसुरी' हा शब्द दोषदर्शक आहे. ज्या गायनात स्वर हलत नाही ते नीरस, असा त्यामागील समज होय. हा समज कितपत टिकतो, हे तपासण्यास ब्राझीलमधील एक गीत उपयुक्त ठरते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस रिओ दि जानेरो येथे सांबा या नृत्यसंगीतातून बोसा नोव्हा ही शैली उदयास आली. जुआंव जिल्बेर्तो यांच्या वादनात अंगठा गिटारीवर मंद्र स्वरांचा ठोका धरतो, तर बोटांनी छेडलेले स्वरसमूह ठोक्याच्या मागेपुढे पडतात. गळा मात्र बोलल्यासारखा, कंपविरहित. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांनी 'पती पत्नी' (१९६६) मधील आशा भोसले यांच्या गीतात ही लय योजली.

आंतोनियो कार्लोस जोबिम व न्यूटन मेंदोन्सा यांची 'सांबा दे उमा नोता सो', म्हणजे 'एकाच स्वराचा सांबा', ही रचना जिल्बेर्तो यांनी १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केली. प्रारंभी गायक एकच स्वर पुनःपुन्हा उच्चारतो. खालचा मंद्र स्वर मात्र अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जातो. प्रत्येक वेळी त्या मंद्र स्वरास षड्ज मानल्यास, गायिलेला तोच स्वर क्रमाने कोमल गंधार, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम ठरतो. गळा जागचा हलत नाही, तरी श्रोत्यास चढण जाणवते. मधल्या भागात स्वरांची धावपळ आहे. पण खरी करामत पहिल्या भागातीलच म्हणावी लागेल. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो व स्वर फिरतो. येथे नेमके उलट घडते. त्यामुळे केवळ वरचा स्वर ऐकणाऱ्या कानास हे गीत दरिद्री वाटणे स्वाभाविक आहे.

असाच अन्याय मनाच्या श्लोकांवर होऊ शकतो. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे झाला. त्यांचे २०५ श्लोक परंपरेने मोजक्या स्वरांच्या घेऱ्यात म्हटले जातात. तेथे स्वर फारसा फिरत नाही आणि आधारही बदलत नाही. गती येते ती भुजंगप्रयातातून. लघु-गुरू-गुरू असे पाच मात्रांचे चार गट, प्रत्येक चरणात वीस मात्रा. बोसा नोव्हात आघात ठोक्यावरून निसटतो, श्लोकात तो जागा सोडत नाही. साम्य एवढेच की, दोन्हींचे संगीत स्वरांच्या संख्येत शोधून सापडत नाही.

भेद आणखी एक आहे. जिल्बेर्तो यांचा श्वास कोठे तुटतो, हे १९६० च्या ध्वनिमुद्रिकेवरून आजही पडताळता येते. पोथीत मात्र श्लोकाचे वृत्त टिकते, चाल टिकत नाही. कोणत्या अक्षरावर थांबावे, कोणता गुरू लांबवावा, हे जांब परिसरातील वृद्धांच्या गळ्यातूनच टिपून घ्यावे लागेल, आणि त्यास फार अवधी नाही.