शीहान लक्षणसमूह

बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यामुळे पोष (पिट्युटरी) ग्रंथीच्या अग्रखंडातील पेशी मरून उद्भवणारी संप्रेरकन्यूनता. ब्रिटिश विकृतिवैज्ञानिक हॅरल्ड शीहान यांनी बाळंतपणानंतर दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनावरून १९३७ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्यावरून हे नाव पडले.

कारणे : मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील खोगिराच्या आकाराच्या खळग्यात पोष ग्रंथी असते. तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. गरोदरपणी दुग्धस्रावास कारणीभूत असलेल्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या पेशी वाढून ती मोठी होते. तिची रक्ताची गरज वाढते, पण अग्रखंडाला रक्त मुख्यतः कमी दाबाच्या नीलांच्या जाळ्यातून मिळत असते. वार पडताना किंवा त्यानंतर पुष्कळ रक्त जाऊन रक्तदाब घसरला की प्रथम हाच पुरवठा तुटतो. पश्चखंडाला रोहिण्यांतून थेट रक्त मिळत असल्याने तो बहुधा वाचतो.

लक्षणे : अग्रखंडातून वृद्धिसंप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि अवटू (थायरॉइड), अधिवृक्क (ॲड्रिनल) व जनन ग्रंथींना चालना देणारी संप्रेरके स्रवतात. यांपैकी एक, अनेक किंवा सर्वच कमी पडू शकतात. अंगावर दूध न येणे हे पहिले चिन्ह होय. पुढे पाळी परत सुरू होत नाही, काखेतील व जांघेतील केस गळतात, त्वचा फिकट होऊन तिच्यावर बारीक सुरकुत्या पडतात. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, मंदपणा, रक्तदाब कमी राहणे व रक्तक्षय यांचीही भर पडते. ग्रंथीचा मोठा भाग नष्ट झाल्यावरच लक्षणे ठळक होतात. बाळंतपणानंतरचा अशक्तपणा समजून ती अंगावर काढली जातात, त्यामुळे निदानाला अनेकदा कित्येक वर्षे लागतात. मग साधा ताप किंवा जुलाब झाले तरी रक्तातील सोडियम व साखर उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकते, आणि रोग तेव्हा प्रथमच उघडकीस येतो.

निदान : बाळंतपणात किती रक्त गेले, दूध आले का, पाळी पुन्हा सुरू झाली का, हे तीन प्रश्न निदानाची दिशा ठरवतात. तपासणीत अवटू ग्रंथीचे थायरॉक्सिन कमी असते, परंतु अवटुउद्दीपक संप्रेरक (टीएसएच) अपेक्षेप्रमाणे वाढलेले नसते. म्हणून केवळ टीएसएच पाहून रोग निसटण्याचा धोका असतो. अधिवृक्क ग्रंथीचे सकाळचे कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन व जननग्रंथिउद्दीपक संप्रेरकेही मोजतात. एमआरआय चित्रणात कालांतराने ग्रंथीचा खळगा रिकामा किंवा अर्धवट रिकामा दिसतो.

उपचार : मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे उणी संप्रेरके औषधरूपाने बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. क्रम महत्त्वाचा असतो : आधी कॉर्टिसॉलऐवजी हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि नंतर थायरॉक्सिन. उलट केल्यास शरीरातील उरलेसुरले कॉर्टिसॉल झपाट्याने वापरले जाऊन जिवावर बेतू शकते. अधिवृक्क ग्रंथीचेच अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातील रेनिनच्या नियंत्रणाखाली असल्याने ते वेगळे द्यावे लागत नाही. पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन देतात. मूल हवे असल्यास जननग्रंथिउद्दीपक इंजेक्शनांनी गर्भधारणा शक्य होते. वृद्धिसंप्रेरक निवडक रुग्णांनाच देतात. तापात स्टेरॉइडची मात्रा दुप्पट ते तिप्पट करावी लागते. उलट्या होत असल्यास किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ते इंजेक्शनाने देतात. औषध अचानक बंद करणे घातक ठरते, म्हणून रुग्णाने आजाराची नोंद असलेले कार्ड जवळ बाळगावे.

प्रसार व प्रतिबंध : सुरक्षित प्रसूती व रक्तपेढ्या यांमुळे श्रीमंत देशांत हा विकार विरळ झाला आहे. काश्मीरमधील एका पाहणीत मात्र बाळंतपण झालेल्या वीस वर्षांवरील सुमारे ३ टक्के स्त्रियांत तो आढळला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींची बाळंतपणे घरी झाली होती. मूल जन्मताच ऑक्सिटोसिन देणे, गेलेल्या रक्ताचे मोजमाप ठेवणे व वेळेवर रक्त चढवणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत. भारतात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत होत्या. त्यामुळे नवे रुग्ण घटण्याची अपेक्षा आहे. पूर्वीच्या बाळंतपणांतून राहून गेलेले रुग्ण मात्र वरील तीन प्रश्न विचारल्यावरच सापडतात.