गळाला न लागणारा मासा

मासे धरण्याचा छंद हा इतिहासाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस येईल. तिचें निरसन करण्यास फार दूर जावयास नको. 12 व्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजांच्या नाना विनोदांबरोबर मत्स्यविनोदासही स्वतंत्र स्थान दिलें आहे. ज्या विषयावर लिहितांना एका नृपतीस कमीपणा वाटला नाहीं, त्यावर लिहितांना आम्हीं संकोच कां करावा? मात्र आजचें आमचें प्रकरण अमेरिकेंतील आहे. तेथें रुंद जबड्याचा बास नांवाचा गोड्या पाण्यांतील मासा आहे. वर्षानुवर्षें हुलकावणी देणारा एखादा थोराड बास धरण्यासाठीं माणसानें किती डोकें चालविलें, आणि त्याचा खुद्द माशाच्या जातीवर काय परिणाम झाला, तें पाहण्यासारखें आहे.

बासाची शिकार करावयाची तर आधीं बास स्वतः शिकार कशी करतो तें ओळखलें पाहिजे. पाण्यांत पडलेलीं झाडें, पाणगवत, कांठची सावली यांच्या आडोशास तो दबा धरून असतो, व भक्ष्य टप्प्यांत येतांच जबडा वासून पाण्यासकट तें आंत ओढतो. अंगाच्या दोहों बाजूंस असलेल्या संवेदनशील रेषेमुळें पाण्यांतील बारीकसारीक हालचालही त्यास कळते. म्हणून होडींत पाय आपटणारा शिकारी बहुधा रिकाम्या हातीं परततो. फार मोठे बास हे बहुतेक माद्याच असतात. वसंतांत पाणी कोमट होऊं लागलें कीं त्या अंडीं घालण्यासाठीं उथळांत येतात, आणि एरव्हीं दृष्टीस न पडणारी मोठी मादी डोळ्यांस दिसते ती याच दिवसांत. जेम्स हेनशॉल नांवाच्या डॉक्टरानें 1881 सालींच या माशांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें लाकडाचीं, रबराचीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मऊ प्लॅस्टिकचीं कृत्रिम आमिषें निघालीं.

परंतु सर्वांत मोठ्या बासाचा मान ज्याला मिळाला, त्याच्यापाशीं यांतलें फारसें कांहीं नव्हतें. जॉर्ज पेरी हा जॉर्जिया संस्थानांतील विशीचा तरुण शेतकरी. दिवस आर्थिक मंदीचे, घरची स्थिति हलाखीची. 2 जून 1932 रोजीं पाऊस असल्यामुळें शेताचें काम बंद होतें, म्हणून तो एका मित्रासह मॉन्टगोमेरी लेक या तळ्यावर गेला. होडी घरीं केलेली, आणि आमिष दोघांत मिळून एकच. पाणी उसळलें, पण दोरी जागची हालेना. मासा निसटला असेंच त्यास वाटलें. वर आला तो 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारें 10 किलोंचा बास! हेलेना गांवीं त्याचें वजन नोंदविलें गेलें, आणि मग घरच्या माणसांनीं तो शिजवून खाल्ला. पेरीचा हा उच्चांक पुढें कोणासही मोडतां आला नाहीं. 2 जुलै 2009 रोजीं जपानांतील बिवा सरोवरांत त्याहून किंचित् जड मासा मिळाला खरा. परंतु उच्चांक मोडण्यास निदान 2 औंसांचा फरक हवा, या नियमामुळें ती बरोबरीच ठरली.

पेरीनें मासा धरला तो घरच्या पानांत वाढण्यासाठीं. पुढच्या पिढीनें धरला तो उच्चांकासाठीं. 1959 सालीं फ्लॉरिडाचे बास कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगोच्या जलाशयांत आणून सोडण्यांत आले. इतर शिकाऱ्यांसाठीं तेथें सोडलेल्या ट्राउट माशांवर ते पोसले व अवाढव्य वाढले. त्याच भागांतील डिक्सन लेकमध्यें अंगावर काळा ठिपका असलेली एक मादी होती. एकदां धरून सोडली तरी ठिपक्यावरून ती पुन्हां ओळखूं येई. मार्च 2006 मध्यें ती वर काढली तेव्हां कांट्यावर 25 पौंड 1 औंस भरली! परंतु गळ तोंडांत न लागतां अंगांत रुतला होता. शिकाऱ्यांनीं तीस पाण्यांत सोडलें व उच्चांकावर हक्क सांगितला नाहीं. 2008 सालीं ती मेलेली आढळली.

आतां या सर्व चातुर्याची दुसरी बाजू पाहूं. इलिनॉय संस्थानांतील रिज लेक या लहानशा तळ्यांत 1970 नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला. धरलेला प्रत्येक बास मोजून, त्यास खूण करून पुन्हां सोडावयाचा. एक मासा एका वर्षांत 16 वेळां गळास लागला! चार वर्षांनीं तळें रिकामें केलें तेव्हां 1700 हून अधिक मासे निघाले. पैकीं सुमारें 200 एकदांही गळास लागले नव्हते. वारंवार लागणाऱ्यांची व कधींच न लागणाऱ्यांची प्रजा वेगळी वाढविली, तेव्हां गळ टाळण्याचा स्वभाव कांहीं अंशीं वंशपरंपरेनें उतरतो असें दिसून आलें. हे निष्कर्ष 2009 सालीं प्रसिद्ध झाले. आणखी एक गोष्ट आढळली, ती आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी वाटते. अंड्यांची व पिलांची राखण नर करतो. आणि जे नर सहज गळास लागतात तेच राखणीसही अधिक तत्पर असतात. आमिषावर झडप घालणारा आणि घरट्याजवळ आलेल्या चोरावर झडप घालणारा स्वभाव बहुधा एकच.

म्हणजे शिकारी तळ्यांतून केवळ मासा उचलीत नाहीं, एक स्वभाव उचलतो. धीट, राखणदार मासे जातात. संशयी उरतात, आणि उद्यांच्या पिढीचे आईबाप तेच होतात. आजचा शिकारी ज्या माशाच्या लबाडीबद्दल कुरकुर करतो, ती लबाडी अंशतः त्याच्याच आधींच्या शिकाऱ्यांनीं घडविलेली असते. धरलेला मासा सोडून देणें हा यावरील एक उपाय खरा, पण घरट्यावरचा नर थोडा वेळ जरी दूर नेला, तरी तेवढ्यांत इतर मासे अंडीं फस्त करतात. म्हणून ज्यास आपल्या तळ्यांत उद्यांही मोठा मासा हवा आहे, त्यानें अंड्यांच्या हंगामांत गळ बाजूस ठेवावा, हें बरें. नव्या आमिषाच्या शोधापेक्षां हा संयम कठीण आहे. परंतु माशाचें हित आणि शिकाऱ्याचें हित येथें एकच आहे, एवढें त्या लहानशा तळ्यानें दाखवून दिलें आहे.